स्लीप की हायबरनेट? बॅगेत लॅपटॉप घालून फिरणारीचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू कुठल्या एका लॅपटॉपचा नाहीये, विंडोजमधल्या दोन बटणांचा आहे, एक स्लीप आणि दुसरं हायबरनेट, आणि हे दुसरं तुमच्या मेन्यूत बहुतेक दिसतच नसेल, त्यावर पुढे बोलूच. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते: लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर स्लीप, बॅगेत जाणार असेल तर हायबरनेट. स्टार द्यायचे तर जुन्या लॅपटॉपवरच्या स्लीपला साडेचार, नव्यावरच्या स्लीपला अडीच आणि हायबरनेटला चार. हायबरनेटचा एक स्टार कापलाय तो फक्त ते लपवून ठेवल्याबद्दल.

माझं काम असं आहे की लॅपटॉप पूर्ण बंद करणं परवडतच नाही. नाशिकला सीए ऑफिसात आहे, सकाळी ऑफिस, दुपारी सातपूर नाहीतर अंबडला क्लायंटकडे, कधी सिन्नर एमआयडीसी, आणि संध्याकाळी घरी येऊन राहिलेलं उरकायचं. टॅली चालू, एक्सेलच्या सहा-सात फायली उघड्या, त्यातल्या एक-दोन अशा की अजून सेव्ह करायच्या नाहीत कारण आकडे जुळतायत का तेच बघतेय, बँक स्टेटमेंटच्या पीडीएफ वेगळ्या, आणि ११ नि २० तारखेच्या आसपास ब्राउझरमध्ये किती टॅब आहेत ते मोजायची हिंमत होत नाही. जीएसटीची रिटर्न्स भरणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. हे सगळं बंद करून परत मांडायला वेळ जातो तो जातोच, वर आपण नेमके कुठल्या ओळीवर होतो तेही डोक्यातून जातं. त्यामुळे शटडाऊन हा पर्याय यादीतच नाही, प्रश्न एवढाच की झाकण लावल्यावर मशीनने करायचं काय.

आधी दोन्ही करतात काय ते बघू, पटकन. स्लीपमध्ये स्क्रीन, प्रोसेसर, डिस्क, पंखा हे सगळं थांबतं पण रॅमला, म्हणजे उघडी कामं धरून ठेवणाऱ्या मेमरीला, वीज चालू राहते, कारण रॅमची वीज तोडली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. दूध गरम राहावं म्हणून गॅस अगदी बारीक करून ठेवतो ना तसं, शेगडी बंद नाही केलेली. म्हणून झाकण उघडलं की एक-दोन सेकंदात सगळं होतं तसं समोर. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं उचलून सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये लिहितात, हायबरफिल डॉट सिस नावाच्या, आणि मग मशीन खरोखर बंद होतं. परत चालू केलं की ती फाइल वाचून रॅममध्ये भरतात आणि आपण होतो तिथेच. बॅटरी संपली, आठवडाभर कपाटात पडून राहिला, काही फरक पडत नाही.

या अवस्थांना टेक्निकल लोक एस३ आणि एस४ म्हणतात, ही नावं एसीपीआय नावाच्या स्टँडर्डमधली, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून १९९६ मध्ये काढलेल्या. एस३ म्हणजे रॅममध्ये झोपणं, एस४ म्हणजे डिस्कवर. विंडोजमध्ये हायबरनेट विंडोज २००० पासूनच आहे, म्हणजे नवीन काहीच नाही यात. एक्सपी वापरलेल्यांना आठवत असेल, बंद करायच्या खिडकीत स्टँड बाय लिहिलेलं असायचं आणि शिफ्ट दाबून धरलं की त्याच जागी हायबरनेट यायचं. लपवायची सवय तेव्हापासूनची!

आता मुद्द्याचं. माझा जुना लॅपटॉप एस३ वाला होता आणि त्याचं स्लीप म्हणजे खरंच झोप, रात्री झाकण लावलं की सकाळी बॅटरीचा आकडा जवळपास तोच, पंखा नाही, गरम नाही, काही नाही. तेव्हा कोणी हायबरनेट कशाला असं विचारलं असतं तर मीही खांदे उडवले असते. पण अलीकडे आलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस३ राहिलेलंच नाही. त्याच्या जागी मॉडर्न स्टँडबाय नावाचा प्रकार आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय म्हणून तो आला आणि विंडोज १० पासून त्याला हे नवं नाव मिळालं. कल्पना मोबाइलवरून घेतलेली, स्क्रीन बंद असली तरी फोन मेल घेतो, अपडेट आणतो, उचलला की क्षणात चालू, तर लॅपटॉपनेही तसंच वागावं. कागदावर छानच आहे. पण फोनमध्ये अगदी कमी विजेवर जगायला बनवलेला प्रोसेसर आणि पहिल्यापासून तशी शिस्त लावलेली अ‍ॅप्स असतात, इथे मात्र दहा कंपन्यांचे ड्रायव्हर (वायफायसारखा एकेक भाग चालवणारी सॉफ्टवेअर), अँटीव्हायरस, क्लाउडवर फायली चढवणारं सॉफ्टवेअर, प्रिंटरवाल्याचं काहीतरी वेगळंच, आणि यातल्या एकाने जरी झोपू दिलं नाही तर बाकी सगळे जागे. झाकण बंद, स्क्रीन काळी, आपल्याला वाटतं झोपलाय, आणि आत मशीन नावापुरतंच झोपलेलं असतं.

आमच्या ऑफिसात एका आर्टिकलचा, म्हणजे सीएचं ट्रेनिंग घेणाऱ्या मुलाचा, नवा लॅपटॉप असाच, कंपनीचं नाव लिहीत नाही, ऑफिसातून झाकण लावून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला आणि घरी जाऊन काढला तर खालची बाजू इतकी तापलेली की मांडीवर ठेवता येईना, पंखा फुल आणि बॅटरी निम्म्यावर. सॅकमध्ये हवा जायला जागा नाही, वर पावसाळ्यात रेनकव्हर घातलेलं, म्हणजे गरम हवा बाहेर पडायचा रस्ताच नाही. तो बिचारा सर्व्हिस सेंटरला घेऊन चालला होता, म्हटलं थांब, आधी काय चाललंय ते बघू.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठलं स्लीप आहे ते बघायला मिनिटभर पुरतं. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश ए एवढं टाइप करून एंटर मारायचा. टाइप इंग्रजीतच करायचं बरं का, मी इथे उच्चार लिहितेय. वर एक यादी येते, तुमच्याकडे काय काय उपलब्ध आहे त्याची, आणि खाली दुसरी, काय नाही आणि का नाही याची. वरच्या यादीत स्टँडबाय एस३ दिसलं तर नशीबवान आहात, स्लीप बिनधास्त वापरा. स्टँडबाय एस झिरो लो पॉवर आयडल असं दिसलं आणि एस३ खालच्या यादीत गेलेलं असेल, फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) सपोर्ट करत नाही असं कारण देऊन, तर तुम्ही आमच्या मॉडर्न स्टँडबायवाल्या गटात.

आणि याच कमांडची एक मोठी बहीण आहे, स्लॅश ए च्या जागी स्लॅश स्लीपस्टडी, ही राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालते. ही एक रिपोर्ट फाइल बनवते, ब्राउझरमध्ये उघडायची, आणि मागच्या तीन दिवसांत लॅपटॉप कधी झोपला, किती वेळ झोपला आणि त्यात किती बॅटरी खाल्ली ते एकेका झोपेसकट लिहून देते, रंगीत पट्ट्यांमध्ये. त्या आर्टिकलच्या रिपोर्टमध्ये ऑफिस ते घर एवढ्या वेळाची लांबलचक लाल पट्टी होती. पट्टीवर क्लिक केलं की खाली त्यातले मुख्य गुन्हेगार कोण त्याची यादी येते, वर आकडा, झोपेतला किती टक्के वेळ खरंच कमी विजेत गेला त्याचा, आणि त्याच्या बाबतीत तो आकडा बघून झोप हा शब्द मागे घ्यावा असा होता. सगळ्यात वर वायफायचा ड्रायव्हर. ड्रायव्हर अपडेट केल्यावर बराच फरक पडला, पूर्ण गेलं नाही. मला विचाराल तर हा रिपोर्ट हेच विंडोजमधलं या विषयातलं सगळ्यात भारी फीचर आहे आणि त्याचं नावही कोणाला माहीत नसतं.

बॅटरीचं गणित एकदा करून बघा, आमच्या धंद्यात आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. समजा बॅटरी ५० वॅट-अवरची आहे, साध्या लॅपटॉपमध्ये एवढी असतेच. झोपेत मशीन पाव वॅट खात असेल तर रात्रीच्या ८ तासांत गेले २ वॅट-अवर, म्हणजे ४ टक्के, कोण विचारतंय. तेच १ वॅट खात असेल तर रात्रीत १६ टक्के. आता शुक्रवारी संध्याकाळी ७ ला झाकण लावलं आणि सोमवारी सकाळी ९ ला उघडलं असं धरा, झाले ६२ तास. पाव वॅटवाला साडेपंधरा वॅट-अवर खाऊन ३१ टक्क्यांनी खाली येईल पण जिवंत असेल, १ वॅटवाल्याला ६२ वॅट-अवर लागतील आणि बॅटरीत आहेत ५०, म्हणजे सोमवारी क्लायंटसमोर काळी स्क्रीन आणि चार्जर घरी. हायबरनेटमध्ये हाच खर्च जवळजवळ शून्य, थोडीफार बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते तेवढीच.

बरं, मग हायबरनेटमध्ये वाईट काहीच नाही का, तर आहे. वेळ लागतो. माझ्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, आहे, त्यात झोपायला पाच-दहा सेकंद आणि उठायला कंपनीचा लोगो, फिरणारे ठिपके, मग बोट लावणं असं सगळं धरून पंधरा-वीस सेकंद. स्लीपमधून उठण्याच्या मानाने हे जास्तच, दिवसात दहा वेळा चहाला उठणाऱ्याने प्रत्येक वेळी हायबरनेट मारावं असं मी म्हणणारच नाही, वेड लागेल. पण हार्ड डिस्कच्या जमान्यात लोकांनी हायबरनेट म्हणजे मिनिटभर करकर आवाज ऐकत बसायचं असं जे डोक्यात घेतलंय ते एसएसडी आल्यावर संपलंय, आणि ती जुनी भीती अजून चालूच आहे.

दुसरी तक्रार, उठल्यावर बाहेरच्या जगाशी असलेली कनेक्शन तुटलेली असतात. ऑफिसच्या व्हीपीएनला परत जोडावं लागतं, सर्व्हरवरची टॅली उघडी असेल तर ती रुसते, आणि डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लावलेलं असेल तर ते कधी कधी ओळखतच नाही, काढून परत लावलं की ओळखतं. पोर्टलचं लॉगिन तर तसंही थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर काढतं, त्याचा दोष हायबरनेटला देऊ नका. ज्या फायली सर्व्हरवरून थेट उघडल्यात त्या झाकण लावायच्या आधी सेव्ह करून बंद करा, मग स्लीप असो की हायबरनेट, कारण नेटवर्क परत येईपर्यंत एक्सेल काय करेल याचा भरवसा मी देऊ शकत नाही. लॅपटॉपवरच्या फायलींना मात्र आजवर काही झालेलं मला दिसलं नाही.

एसएसडी झिजते, हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. झिजते, हो, प्रत्येक लिहिण्याने झिजते. पण किती ते बघा ना. विंडोज हायबरनेटच्या फाइलला साधारण रॅमच्या ४० टक्के जागा धरतं, म्हणजे १६ जीबीला ६.४ जीबी. ती पूर्ण भरली असं धरलं आणि रोज दोनदा हायबरनेट केलं तर दिवसाला १३ जीबीच्या आत, वर्षाला साधारण पावणेपाच टीबी. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना कंपन्या १५० ते ३०० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी देतात. १५० धरले तरी तीस वर्षं होतात, आणि तोपर्यंत त्या लॅपटॉपची बिजागरी, कीबोर्ड आणि आपले गुडघे यातलं काय शिल्लक असेल ते तुम्हीच ठरवा. हां, २५६ जीबीची डिस्क आणि ती आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ६ जीबी जागा जाणं टोचतं, हे मान्य. पण म्हणून व्हिडिओ बघून हायबरनेटच बंद करायची कमांड मारू नका, सी ड्राइव्ह रिकामा करा छाप व्हिडिओत ती पहिल्या नंबरला असते. डाउनलोडचं फोल्डर आवरलं तरी याहून जास्त जागा निघेल.

आता ते लपवलेलं बटण बाहेर कसं काढायचं. कंट्रोल पॅनेल उघडा, जुनंच, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डावीकडे पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं ते निवडा अशा अर्थाची लिंक आहे ती दाबा. आत हायबरनेटचा चौकोन दिसतो पण फिका, टिकच होत नाही, आणि इथेच निम्मे लोक परत फिरतात. वर एक बारीक निळी ओळ असते, सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला अशी, ती दाबली की खालचे चौकोन जिवंत होतात. टिक करा, सेव्ह करा, झालं, आता स्टार्टच्या पॉवर मेन्यूत स्लीपच्या शेजारी हायबरनेट येईल. चौकोनच नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवाल्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश हायबरनेट स्पेस ऑन. एकदा मेन्यूत आलं की माउस फिरवायचीही गरज नाही, विंडोज की आणि एक्स दाबायचं, मग यू, मग एच. बोटांना सवय झाली की क्लायंटच्या खुर्चीतून उठता उठता होऊन जातं.

त्याच पानावर दुसरी कामाची गोष्ट आहे, झाकण लावल्यावर काय करायचं ते. तिथे दोन रकाने असतात, बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना, आणि हे दोन वेगळे ठेवता येतात यातच सगळी गंमत आहे. माझं असं आहे की चार्जरवर झाकण लावलं तर स्लीप, बॅटरीवर लावलं तर हायबरनेट. कारण चार्जर लावलेला आहे म्हणजे टेबलावर आहे, चार्जर काढला म्हणजे निघाले. फक्त निघताना क्रम पाळायचा, आधी चार्जर काढायचा आणि मग झाकण, उलट केलं तर मशीन चार्जरवालं सेटिंग धरून स्लीपमध्ये जातं आणि तसंच बॅगेत पडतं. मॉडर्न स्टँडबायवाल्यांना तर हा क्रम एरवीही सांगतात.

ज्यांना हे लक्षात ठेवायचं नाही त्यांच्यासाठी तिसरा रस्ता, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर मी हाच लावून देते: झाकण लावलं की स्लीप, आणि तासाभराने आपोआप हायबरनेट. नव्या विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या पॉवर अँड बॅटरीत हायबरनेट किती वेळाने व्हावं ते निवडता येतं, तिथे नाही सापडलं तर काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश चेंज स्पेस हायबरनेट-टाइमआउट-डीसी स्पेस ६०. डीसी म्हणजे बॅटरीवर असताना, ६० म्हणजे मिनिटं. आईला यातलं काहीच माहीत नाही, तिला फक्त एवढंच दिसतं की कधी लगेच उघडतो आणि कधी जरा वेळ लावतो. बॅगेसाठी मात्र तासभरसुद्धा जास्त आहे, म्हणून मी स्वतःसाठी हे वापरत नाही.

लाइट जाण्याबद्दल. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तीन-चार वर्षांची बॅटरी असेल आणि तो स्लीपमध्ये चार्जरवर पडून असेल, वर तासन्‌तास लाइट नसेल, तर बॅटरी संपते आणि रॅममधलं जातं. यासाठी विंडोजमध्ये बॅटरी अगदी तळाला गेली की काय करायचं असं सेटिंग असतं, अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली, तिथे हायबरनेट आहे ना ते एकदा बघून घ्या. माझ्या मामांचं निफाडकडे कृषी सेवा केंद्र आहे, तिथे डेस्कटॉप आहे आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ, तर त्यांच्याकडे हायब्रिड स्लीप लावून दिलंय. ते विंडोज व्हिस्टापासून आहे, रॅमलाही वीज चालू ठेवतं आणि डिस्कवरही कॉपी लिहून ठेवतं, लाइट राहिला तर पटकन उठतं, गेला तरी बिल अर्धवट टाकलेलं असतं तिथूनच. मॉडर्न स्टँडबायवाल्या लॅपटॉपवर हे मिळत नाही, खरं तर तिथेच जास्त हवं होतं.

मॅकवाले मैत्रीण-मंडळ या सगळ्या चर्चेत हसत असतं, आणि त्यांना हसू द्यावं, कारण मॅकबुकवर हे प्रकरण बरंच आधी मिटलंय. तिथे झोपताना रॅमही चालू ठेवतात आणि डिस्कवर कॉपीही करतात, २००५ पासून, आपल्याला काही निवडावंच लागत नाही. लिनक्सवाल्यांचं उलट, तिथे हायबरनेट हवं तर रॅम मावेल एवढी स्वॅप, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेली, जागा आधी करून ठेवावी लागते, आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त सही केलेलीच सिस्टिम चालू देणारं सेटिंग) चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी हायबरनेट चालतच नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये जाऊन तीच ड्राइव्ह उघडू नका, बहुतेक वेळा लिनक्स स्वतःच फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं.

चोरीचा मुद्दा आमच्यासारख्यांना महत्त्वाचा, लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन, बँकेचे तपशील, काय काय असतं. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, लावलेलं असलं तरी स्लीपमध्ये त्याची किल्ली रॅममध्येच असते, आणि बंद केल्यावरही रॅममधलं काही क्षण टिकतं आणि थंड केली तर आणखी टिकतं हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलंय. हायबरनेटमध्ये मशीन बंद असल्याने किल्ली रॅममध्ये उरत नाही, पण याचा खरा फायदा बिटलॉकरला चालू होण्याआधीचा पिन लावला असेल तरच, नाहीतर चोराने बटण दाबलं की मशीन स्वतःच कुलूप उघडून लॉगिनपर्यंत येतं. नेहमीच्या भुरट्या चोराला यातलं काही जमणार नाही, त्याला लॅपटॉप विकायचा असतो. तरी ऑफिसचा डेटा असेल तर पिन लावाच. आणि विमानाने जाताना लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत टाकायची वेळ आलीच तर तिथे हायबरनेटही चालत नाही, नियम पूर्ण बंद करायचा आहे, त्यापेक्षा हातातच ठेवा.

राहिला एक प्रश्न जो मला सगळ्यात जास्त विचारतात, की मग रोज हायबरनेटच केलं तर लॅपटॉप स्लो नाही का होणार. होतो, हळूहळू, कारण ब्राउझर आणि बाकी मंडळी मेमरी धरून बसलेली असतात ती तशीच डिस्कवर जातात आणि तशीच परत येतात. उपाय रिस्टार्ट, शटडाऊन नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचं जे चालू असतं त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेटच होतो, त्याच हायबरफिलमध्ये, फक्त आपली अ‍ॅप्स बंद होतात. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली अपटाइम बघा, काल रात्री शटडाऊन करूनही तिथे आठवड्याचा आकडा दिसेल. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. मी शनिवारी दुपारी टॅलीचा बॅकअप घेतला की रिस्टार्ट मारते, अपडेट काय असेल ते तेव्हाच उरकून घेते, लॉगिन करून सोमवारी लागणाऱ्या फायली उघडून ठेवते आणि मग विंडोज एक्स, यू, एच.